थर्मल स्कोपचा झिरो सारखा हलतोय? मेनूतले आकडे बदलण्याआधी हे तपासा

थर्मल स्कोप म्हणजे उष्णतेवरून अंधारात चित्र दाखवणारी रायफलवरची दुर्बीण, आणि झिरो म्हणजे ठरावीक अंतरावर नेमाची खूण आणि गोळी लागण्याची जागा जुळवणं. तुमची तक्रार यांपैकी कोणती, ते आधी ठरवा.

– तिन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून, पण सगळ्या चार-सहा इंच एकाच बाजूला. मागच्या आठवड्यात याच रायफलने त्या मधोमध बसत होत्या.
– गोळ्या विखुरलेल्या. एक वर, एक डावीकडे, तिसरी कुठे गेली तेच सापडत नाही.
– शंभर यार्डांवर सगळं ठीक, पण पंचवीस-तीस यार्डांवरचं डुक्कर हुकतं.
– बार उडाला की स्क्रीन काळी होते, किंवा स्कोप बंद पडून पुन्हा सुरू होतो.
– चित्र दुधात बुडवल्यासारखं. रेटिकल, म्हणजे नेम धरायची खूण, नेमकी कुठे टेकलीय ते सांगता येत नाही.

मी मध्य टेक्सासमध्ये राहतो. ब्रॅझोस नदीच्या अंगाच्या शेतांत मका आणि मायलो असतो. मायलो म्हणजे आपली ज्वारीच. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत पेरणीच्या ओळीच्या ओळी उकरून दाणे खातो, त्यामुळे शेतमालक स्वतःहून बोलावतात. ओळखीतले लोक आपापले थर्मल स्कोप घेऊन माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचं वाक्य एकच असतं: झिरो हलला. आजवर त्यातले आतून खरोखर बिघडलेले स्कोप मी एका हाताच्या बोटांवर मोजेन.

पुढे जाण्याआधी कायद्याचं, कारण आपल्या लोकांचा इथे गोंधळ होतो. हे सगळं टेक्सासमधल्या खासगी जमिनीवरच्या रानडुकरांबद्दल आहे. २०१९ पासून इथे जमीनमालकाची परवानगी असेल तर रानडुकरांसाठी शिकारीचा परवाना लागत नाही, आणि रात्री शिकार करायलाही मुभा आहे. हरणाचं तसं नाही, ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद. मात्र तुम्ही एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हाच गुन्हा ठरतो. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना. म्हणजे डुकरासाठी परवाना लागत नसला तरी तुम्हाला तो हवा, आणि मित्राची रायफल हातात घेण्याआधी वकिलाला विचारून घ्या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. थर्मल स्कोप अमेरिकेबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो. गावी दाखवायला म्हणून तो बॅगेत टाकू नका.

आत नेमकं काय असतं

साध्या काचेच्या स्कोपमध्ये रेटिकल एका स्प्रिंगवर रेललेल्या नळीत असतं. ती स्प्रिंग सैल झाली की झिरो खरंच हलतो. थर्मलमध्ये असं काही नसतं. समोरची जर्मेनियमची भिंग ८ ते १४ मायक्रॉनची उष्णता आत घेते, सेन्सर तिचं चित्र बनवतो, ते छोट्या पडद्यावर दिसतं आणि रेटिकल त्याच पडद्यावर सॉफ्टवेअरने काढलेलं असतं. तुमचा झिरो म्हणजे मेमरीत ठेवलेले दोन आकडे, एक आडवा आणि एक उभा. हे आकडे आपोआप बदलत नाहीत. म्हणून गोळी सरकली तर कारण बहुतेक वेळा स्कोपच्या बाहेर असतं, आणि ते न शोधता आकडे बदलले की एका चुकीवर दुसरी बसते.

खालच्या कुठल्याही तपासणीला हात घालण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि अंधारात असाल तर बोटानेही चाचपा. हे दर वेळी करायचं.

फुकटातल्या तपासण्या

पहिली, प्रोफाइल. बऱ्याच स्कोपमध्ये ए, बी, सी अशी तीन-चार प्रोफाइल असतात आणि प्रत्येकात वेगवेगळ्या अंतरांचे झिरो ठेवता येतात. अंधारात हातमोजे घालून बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं की प्रोफाइल बदलतं. गोळ्या एकमेकींजवळ, पण भलतीकडे, हे याचंच लक्षण. मी सगळ्यात आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं ते छोटं अक्षर बघतो, आणि कितीतरी वेळा काम तिथेच संपतं.

दुसरी, आकडे लिहिलेले आहेत का. झिरो पक्का झाला की आडवा-उभा आकडा, गोळीचं वजन आणि अंतर एका चिकटपट्टीवर लिहून ती बटस्टॉकला, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाला लावा. सॉफ्टवेअर अपडेट किंवा फॅक्टरी रीसेट केल्यावर काही स्कोपचा झिरो शून्यावर जातो. पट्टी असेल तर अर्ध्या मिनिटात कळतं की आकडे बदललेत की नाहीत. आकडे तेच असतील तर दोष बाहेर आहे. या पोस्टमधलं एकच काम आज करणार असाल, तर हे करा.

तिसरी, झूम. झिरो नेहमी सगळ्यात कमी झूमवर, म्हणजे स्कोपच्या मूळ मोठेपणावर करा आणि तपासाही तिथेच. डिजिटल झूम नवीन तपशील आणत नाही, आहे तेच पिक्सेल ताणून दाखवतो. ६४० पिक्सेल रुंदीच्या सेन्सरवर चौपट झूम केला की रुंदीत उरतात १६० पिक्सेल.

चौथी, डोळ्याकडची चकती आणि पुढचा फोकस यांची गल्लत. ही दोन वेगळी कामं आहेत आणि क्रम चुकला की चित्र कधीच नीट होत नाही. आधी पुढचं झाकण बंद ठेवून डोळ्याकडची चकती फिरवा, रेटिकल आणि स्क्रीनवरची अक्षरं कोरीव दिसेपर्यंत. ती तुमच्या डोळ्याची सेटिंग, एकदा झाली की झाली. मग झाकण उघडून पुढचा फोकस अंतरानुसार. फोकस बिघडलेला असला तर डुकराची कड पसरते आणि रेटिकल शरीराच्या मधोमध आहे की चार इंच बाजूला, ते ठरवता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं झिरो गेला.

पाचवी, चित्र रेघारेघांचं किंवा धुरकट दिसत असेल तर कॅलिब्रेशन. स्कोपमधून अधूनमधून टक असा आवाज येऊन चित्र सेकंदभर थिजतं. आतली झडप सेन्सरसमोर येऊन सगळे पिक्सेल एका पातळीवर आणते, त्याचा तो आवाज. हे आपोआप व्हायला ठेवलं तर ऐन बार काढताना चित्र थिजू शकतं. मी ते हाताने करायला ठेवतो आणि नेम धरण्याआधी एकदा बटण दाबून घेतो. पाऊस पडून गेल्यावर, धुक्यात, किंवा सूर्य उगवता-मावळता जमीन, गवत आणि झाडं एकाच तापमानाला येतात. तेव्हाचं मळकट चित्र हा बिघाड नाही. त्या वेळी कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, आणि तरीही अंग स्पष्ट दिसत नसेल तर बार काढू नका.

टार्गेट

इथे थोडं थांबतो, कारण रेंजवरची निम्मी भांडणं इथली असतात. थर्मलला रंग दिसत नाही. कागद आणि त्यावरचा काळा गोल एकाच तापमानाचे असतात, त्यामुळे छापील टार्गेट म्हणजे स्कोपसाठी कोरी पाटी. मग लोक हात शेकायच्या गरम पिशव्या लावतात. नुसती पिशवी लावली तर तिची ऊब पुठ्ठ्यात पसरते, वीस मिनिटांत टार्गेटचं धुकट ढेकूळ होतं आणि प्रत्येक गोळीला तुम्ही वेगळ्या ठिकाणी नेम धरता. गोळ्या विखुरण्याचं हे कारण मी इतक्या वेळा पाहिलंय की विखुरलेल्या गोळ्या दिसल्या की मी रायफलकडे न बघता आधी टार्गेटकडे चालत जातो.

माझी रीत अशी. ॲल्युमिनियमची चिकटपट्टी घ्यायची, एअर कंडिशनरच्या पाइपांना लावतात ती. तिचा इंचभराचा चौकोन पुठ्ठ्यावर लावायचा आणि पुठ्ठा वरच्या बाजूने किंचित मागे झुकवायचा. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी टाकतो आणि समोरचं परावर्तित करतो. झुकवल्यावर त्यात मोकळं आकाश येतं, आणि निरभ्र आकाश थर्मलला फार थंड दिसतं. त्यामुळे उजळ पुठ्ठ्यावर काळा, धारदार चौकोन मिळतो, तासन्‌तास. आभाळ भरलेलं असेल तर ही युक्ती फिकी पडते. तेव्हा गरम पिशवीसमोर इंचभराचं भोक पाडलेला दुसरा पुठ्ठा, मधे बोटभर जागा सोडून लावा.

झिरो करताना तीन गोळ्या मारा, मग त्यांच्या मध्यावरून आकडा बदला. एका गोळीवरून नाही. बहुतेक स्कोपमध्ये चित्र थिजवून रेटिकल गोळीच्या छिद्रावर नेण्याची सोय असते. चित्र थिजवताना रेटिकल मूळ नेमावर असायला हवं, म्हणून त्या क्षणी रायफल पिशव्यांवर घट्ट टेकलेली हवी. दुपारी झिरो करताना स्कोप सूर्याकडे वळू देऊ नका. सेन्सर कायमचा भाजतो. वापर नसेल तेव्हा झाकण लावलेलं.

बॅटरी

बार उडाल्यावर स्क्रीन काळी होत असेल तर आधी बॅटरी बदला. धक्क्याने बॅटरी मागेपुढे सरकते आणि संपर्क क्षणभर तुटतो. १८६५० प्रकारच्या बॅटऱ्या नावाने सारख्या असल्या तरी लांबीने नसतात. संरक्षक सर्किट असलेली साध्या ६५ मिलिमीटरच्या बॅटरीपेक्षा काही मिलिमीटर लांब असते. स्कोपच्या पुस्तिकेत जी सांगितली तीच घाला. संपर्काच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. जानेवारीच्या थंडीत बॅटरी लवकर बसते, जोडीची दुसरी खिशात अंगाच्या उबेत ठेवा. फुगलेली किंवा हाताला चटका देणारी बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

गोळ्या, सप्रेसर आणि अंतर

पेटी बदलली का? वजन बदललं की गोळी वेगळीकडे जाते. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस वापरणाऱ्यांना हे जास्त भोवतं. ध्वनीपेक्षा वेगवान आणि ध्वनीपेक्षा संथ अशा दोन्ही गोळ्या एकाच मॅगझिनमध्ये बसतात, पण शंभर यार्डांवर संथ गोळी कितीतरी खाली पडते. दोघींना दोन प्रोफाइल, आणि मॅगझिनवर रंगाची खूण.

सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचं आवाज कमी करणारं नळकांडं, लावून झिरो केला असेल तर तो काढल्यावर गोळीची जागा बदलते. उलटही तेच. शिवाय पाच-सहा बारांनंतर तापलेला सप्रेसर चित्राच्या खालच्या कडेला पांढराफटक दिसायला लागतो आणि स्कोपचं आपोआप होणारं उजेडाचं गणित त्यामुळे बिघडतं, बाकी सगळं काळवंडतं. सप्रेसरवर कापडी वेष्टण घाला.

आता ते जवळचं डुक्कर. एआर-१५ प्रकारच्या रायफलवर थर्मल बंदुकीच्या नळीच्या साधारण अडीच इंच वर बसतो. झिरो शंभर यार्डांचा असेल तर पंचवीस यार्डांवर गोळी अजून नजरेच्या रेषेखालीच असते, .२२३ काडतुसाची सुमारे दीड इंच खाली लागते. हा बिघाड नाही, भूमिती आहे. तुमची शिकार बहुतेक चाऱ्याच्या डब्याजवळ पन्नास यार्डांत होत असेल तर पन्नासचा झिरो ठेवा. आणि अंतर डोळ्यांनी ठरवू नका. थर्मलच्या सपाट चित्रात लांबचं मोठं डुक्कर आणि जवळचं पिल्लू सारखंच दिसतं.

माउंट: हाताने करायचं शेवटचं काम

एका रात्री एक मित्र तीन वेळा हुकला आणि तिन्ही वेळा शेतातच त्याने मेनूत जाऊन आकडा बदलला. चौथा बार एका मादीच्या पोटात लागला. ती झाडीत शिरली आणि आम्ही पहाटेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरलो. सापडली तेव्हा जिवंत होती. सकाळी टेबलावर मी स्कोप बोटांनी हलवला तर तो रेलवर, म्हणजे रायफलच्या वरच्या खाचांच्या पट्टीवर, पुढे-मागे सरकत होता. नट अर्धा फेरा सैल. पहिल्या हुकलेल्या बारानंतर थांबून कुणी तो नट बघितला असता, तर त्या जनावराचे ते पाच तास वाचले असते. तेव्हापासून माझा नियम आहे: कारण न कळता हुकलेल्या बारानंतर त्या रात्रीची शिकार बंद.

तपासायचं असं. स्कोप धरून जोर लावून हलवा, जराही हालचाल नको. माउंट, म्हणजे स्कोपला रेलवर धरून ठेवणारी पकड, रेलवरून काढा, खाचा पुसा. परत ठेवताना खाचेत बसल्यावर तो नळीच्या तोंडाकडे ढकला आणि तसाच दाबून धरून नट आवळा. धक्का बसताना रायफल मागे जाते आणि स्कोप जागेवर राहू पाहतो, म्हणजे रेलच्या हिशेबाने पुढे सरकतो. आधीच पुढे टेकलेला असेल तर सरकायला जागा उरत नाही. नट हाताच्या अंदाजाने आवळू नका, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दाखवणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. स्कोपच्या किमतीपुढे तो काहीच नाही. ३० मिलिमीटरच्या रिंगच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड लागतो, रेल धरणाऱ्या नटाला त्याहून बराच जास्त. नेमका आकडा तुमच्या माउंटच्या कागदावरचा. जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते. मग स्क्रूवरून रिंगवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.

एआर असेल तर संपूर्ण माउंट वरच्या रिसीव्हरवरच, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्यावरच, बसलेला हवा. अर्धा रिसीव्हरवर आणि अर्धा पुढच्या हँडगार्डवर (नळीभोवतीच्या आवरणावर) असेल तर हँडगार्ड जिथे टेकवाल तिथून स्कोप वाकतो.

सगळं ठीक, तरी जमत नाही: मग स्कोपच चुकीचा निवडलाय

दुकानातल्या कागदावर १८०० मीटर लिहिलेलं असतं. ते अंतर उभ्या माणसाएवढी आकृती आहे एवढं कळण्याचं, म्हणजे पडद्यावर दोन-तीन पिक्सेलचा ठिपका. जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार वस्तू आहे हे कळायला दोन, कुठल्या जातीची ते कळायला आठ, आणि नेमकी ओळख पटायला साधारण तेरा पिक्सेल लागतात. आता हिशेब करा. १२ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर आणि ३५ मिलिमीटरची भिंग असेल तर शंभर मीटरवर एक पिक्सेल साडेतीन सेंटिमीटरचा. ६० सेंटिमीटर उंचीच्या डुकराला तिथे सतरा पिक्सेल मिळतात, तीनशे मीटरवर सहाही नाहीत. म्हणजे डुक्कर की वासरू हे खात्रीने सांगायची मर्यादा सव्वाशे-दीडशे मीटरच्या आसपास.

याच हिशेबावरून निवडा. मोकळी ज्वारीची शेतं आणि दोनशे यार्डांचे बार असतील तर ६४० चा सेन्सर आणि ५० ची भिंग. झाडीत, चाऱ्याच्या डब्यावर पन्नास-ऐंशी यार्ड असतील तर ३८४ चा सेन्सर आणि २५ किंवा ३५ ची भिंग पुरते, आणि रुंद दिसतं हा फायदा. सेन्सरची बारकी तापमान-फरक पकडण्याची क्षमता मिलिकेल्विनमध्ये, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात देतात. २५ किंवा त्याखाली असेल तर दमट रात्री फरक कळतो, आणि आखातावरून वारा आला की इथल्या रात्री दमटच असतात. सेकंदाला ९ चित्रांचा जुना स्कोप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. सेकंदाला दहा मीटर पळणारं डुक्कर दोन चित्रांच्या मध्ये मीटरभर पुढे गेलेलं असतं. ५० किंवा ६० चित्रांचा घ्या. दुकानाच्या खिडकीतून बघून पारखू नका, काचेतून ही उष्णता जातच नाही, तुम्हाला तुमचंच प्रतिबिंब दिसेल. बाहेर पार्किंगमध्ये न्या.

पैसे उरले तर हातात धरायचा साधा थर्मल मोनोक्युलर घ्या. शेत न्याहाळायला रायफलवरचा स्कोप वापरणं म्हणजे प्रत्येक ठिपक्यावर नळी रोखणं, आणि त्या ठिपक्यांत कुत्रा असतो, वासरू असतं, शेतमालकही असतो. डुकरामागे काय आहे ते थर्मल नीट सांगत नाही. तारेचं कुंपण तर त्यात जवळजवळ अदृश्य. दिवसा उजेडी जागा पायाखाली घातलेली नसेल तिथे मी रात्री बार काढत नाही.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

बाराचा आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा हलका वाटला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढचा बार रायफल फोडेल. काडतुसाची रिकामी केस फुगलेली किंवा चिरलेली निघाली तरी तेच. हे गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं काम. रिसीव्हरमधल्या रेलच्या स्क्रूचे आटे गेलेत, सप्रेसर नळीच्या रेषेत नाही असं वाटतंय, किंवा नळीच्या तोंडाला ठोकर बसलीय, तरीही गनस्मिथच. गोळी सप्रेसरच्या आत घासत असेल तर ते घरी दुरुस्त होत नाही.

आणि वरचं सगळं करून, दुसरा चांगला स्कोप त्याच रायफलवर लावून गोळ्या एकत्र बसल्या, आणि तुमचा स्कोप दुसऱ्या रायफलवरही भरकटला, तेव्हा दोष स्कोपचा. त्याचे स्क्रू उघडू नका. आत कोरडा वायू भरलेला असतो, एकदा बाहेरची हवा शिरली की भिंगेवर आतून वाफ धरते आणि वॉरंटीही जाते. एखाद-दुसरा मेलेला पिक्सेल मेनूतून झाकता येतो, पण उन्हाने पडलेला डाग किंवा न जाणारी आडवी रेघ कंपनीकडेच जायला हवी. पाठवताना बॅटरी काढा, बटस्टॉकवरच्या पट्टीचा फोटो, दोन्ही रायफलींच्या टार्गेटचे फोटो आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती सोबत द्या. दुरुस्ती केंद्र अमेरिकेबाहेर असेल तर स्वतः टपालात टाकू नका, निर्यातीची कागदपत्रं करून मागवून घ्यायला कंपनीला सांगा.